गावाबाहेर पालं पडली आहेत आणि चोरीचा संशय त्यांच्यावर आहे: ग्रामपंचायतीने काय करावं?

ताई, तुम्ही ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्य आहात. गावाबाहेरच्या गायरानात दरवर्षी दिवाळीनंतर काही पालं पडतात, यंदा गावात दोन घरफोड्या झाल्या आणि आता ग्रामसभेत ‘त्यांना हाकला’ असा ठराव येणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे प्रश्न तीन आहेत. हे लोक खरंच चोऱ्या करतात का, असा ठराव करता येतो का, आणि भटकंती सोडून एका जागी राहायला त्यांची समजूत कशी घालायची? मी बरीच वर्षं भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर जातीचे दाखले, शाळाप्रवेश आणि पोलीस ठाण्यातली धावपळ हीच कामं करतो. त्या अनुभवातून जे कळलं ते सांगतो.

ठरावाचा प्रश्न आधी मिटवतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही करता येत. देशात कुठेही फिरायचा आणि राहायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलाय, आणि तो काढून घ्यायचा अधिकार ग्रामसभेला नाही. गायरानात पाल टाकणं हे अतिक्रमण आहे का, हा वेगळा मुद्दा आहे आणि तो महसूल खात्याच्या रीतीने, नोटीस देऊन, हाताळायचा असतो. ‘अमुक जातीच्या लोकांना गावात थारा देऊ नये’ असं इतिवृत्तात लिहिलंत तर उद्या काही बरंवाईट घडल्यावर तोच कागद तुमच्या सगळ्यांच्या विरोधात उभा राहील. ग्रामसेवकांना हे नीट समजावून सांगा. बहुतेकदा ठराव तिथेच थांबतो.

आता मूळ गोष्ट. तुमच्या गावात दोन वेगळ्या बाबींची गाठ बांधली गेली आहे. घरफोडी झाली, तिचा तपास पोलिसांनी करायचा. आणि पालांत माणसं राहतात, ज्यांच्यातल्या एकाचंही नाव गावात कुणाला ठाऊक नाही. चोर कोण ते माहीत नाही आणि पालांतले कोण तेही माहीत नाही, म्हणून दोघे एकच ठरले. तुम्हाला हाताळायचाय तो हा अनोळखीपणा. तो गेला की चोरीचा तपास सोपा होतो आणि पालांवरचं संकटही टळतं.

हा संशय आपल्या मनात आपोआप उगवलेला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, आधी उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. अख्खी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, माणसाने स्वतः काही केलं असो वा नसो. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, होती आणि तिथल्या माणसांना गिरण्यांमध्ये कामाला लावलं जाई. फिरस्त्यांकडून सारा वसूल होत नाही आणि त्यांच्यावर नजर ठेवता येत नाही, हे त्या सरकारचं खरं दुखणं होतं. त्याच काळात रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचा धंदा बसला. पोट भरायची वाट बंद झाली आणि वर गुन्हेगार असा शिक्का बसला.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर या लोकांची हजेरी सुटली. म्हणून आजही वस्त्यांवर ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतो असं कागदावर होतं. ठाण्यातली यादी करण्याची सवय मात्र तीच राहिली. त्याच साली भीक प्रतिबंधक कायदाही आला. त्याची व्याख्या एकदा वाचून बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, एवढंच काय, वस्तू विकायला पुढे करणं हेसुद्धा भीक मागण्याचं निमित्त म्हणून त्यात धरलंय. म्हणजे पहाटे दारात येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, हे सगळे पिढीजात कला दाखवताना कायद्याच्या कचाट्यात. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध्याची शिकार आणि गारुड्याचे साप गेले, १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल-माकडांचे खेळ गेले. प्राण्यांसाठी हे कायदे हवेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांची रोजीरोटी त्यात गेली त्यांना दुसरं काम कुठलं, हे मात्र कुणी ठरवलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

‘ते चोऱ्या करतात का?’ याचं प्रामाणिक उत्तर असं. कुठल्याही समाजात असतात तसे गुन्हे करणारे यांच्यातही असतात, ते झाकून कुणाचंच भलं होत नाही. पण ज्या कुटुंबांचा फेरा ठरलेला आहे, जी दरवर्षी त्याच माळावर त्याच सुमाराला येतात, त्यांच्याकडे गमवायला खूप असतं. आपल्याला भटकंती दिशाहीन वाटते, पण तिला वेळापत्रक आहे. पौषात जेजुरीला गाढवांचा बाजार, पुढे मढीची कानिफनाथांची यात्रा, पावसाळ्याआधी मूळ गाव. कुणी कुठल्या गावांत फिरायचं हे घरांनी आपसात वाटून घेतलेलं असतं, आणि लेकीच्या लग्नातही त्या हद्दींचा विचार होतो. एका गावात नाव खराब झालं तर तो सगळा पट्टा हातचा जातो. चोरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही पालं जागच्या जागी असतील, तर मी त्याला निर्दोषपणाचा पुरावा म्हणणार नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट नक्की म्हणेन.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. पालांत नेमकं कोण आहे? घिसाडी आहेत, वैदू आहेत, नंदीवाले, डवरी गोसावी, कैकाडी, मसणजोगी की पारधी? गावाच्या तोंडी सगळ्यांना एकच नाव असतं, पण सरकारच्या लेखी त्यांची घरं वेगवेगळी. आपल्या राज्यात विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या ब गटाला २.५ टक्के आरक्षण आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, राजपारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा इथे विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. त्यामुळे एका पालाला फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी असलेल्या ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण असतं आणि शेजारच्या पालाला नसतं. म्हणून मला कुणी ‘भटक्यांसाठी कुठली योजना आहे?’ असं विचारलं तर मी आधी विचारतो, ‘कुठले भटके? कुठल्या जिल्ह्यातले?’

चोरीच्या तपासाबद्दल. तक्रार नोंदवताना ‘पालांवर संशय आहे’ असं लिहून देण्याचा आग्रह गावातून होईल. काही पाहिलं असेल तर जे पाहिलं ते लिहा, संशय लिहू नका. माझ्या पाहण्यात असं वारंवार येतं की एकदा एखाद्या पोराचं नाव केवळ संशयाने कागदावर आलं की पुढच्या प्रत्येक चोरीला त्यालाच उचलतात. मग त्याला कुणी कामावर ठेवत नाही, आणि तो खरोखर बिघडायला वेळ लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले भेद रद्द केले. विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांमधली मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत, असंही त्यात बजावलं आहे. तुमच्या ठाण्यात कुणाला उचललंच, तर अटकेचं कारण सांगितलं का, नातेवाइकांना कळवलं का, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं का, एवढं सदस्य म्हणून शांतपणे विचारा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. लोकप्रतिनिधीने नुसतं जाऊन बसण्याने ठाण्यातलं वातावरण किती बदलतं, ते मी पाहिलंय.

तुमच्या पत्रातली एक सूचना मात्र मला थांबून तपासावीशी वाटते. ‘सगळ्यांचे आधार कार्ड जमा करून घ्यावेत आणि रोज पोलीस पाटलांनी मोजणी करावी’ असं काही सदस्य म्हणतायत. हेतू वाईट नसेलही. काही गावांत पोलीस पाटलाकडे मुसाफिर म्हणून नोंद करायची रीत आहे आणि तिचा या लोकांना उपयोगही होतो, कारण शेजारच्या गावात अडवलं तर दाखवायला काहीतरी असतं. पण कागद जमा करून घेणं आणि रोजची मोजणी ही हजेरीच झाली. ज्यांच्या आजोबांनी कुंपणामागे हजेरी दिलीय त्यांना ते एका क्षणात कळतं, आणि ते रात्रीत पालं उचलून निघून जातात. मग गाव म्हणतं, बघा, पळाले. नोंद करायचीच तर त्यांना विचारून करा. आधार बघा आणि परत द्या. कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, किती माणसं, किती दिवस मुक्काम, धंदा कसला, एवढं लिहा, खाली ग्रामपंचायतीचा शिक्का मारा आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या. ज्या नोंदीची प्रत त्या माणसाच्या खिशात असते ती त्याच्या उपयोगाची. जी फक्त आपल्या कपाटात राहते ती त्याच्यावर पाळत. आणि उसतोडीला, वीटभट्टीला बाहेरून येणाऱ्या टोळ्यांची नोंद तुम्ही करत नसाल, तर फक्त पालांचीच का, याचं उत्तर स्वतःला आधी द्या.

अफवांबद्दल मी जरा कळकळीने लिहितोय. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, मंगळवेढ्याच्या बाजूचे, तिथे भिक्षेसाठी आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीच मोबाइलवर पसरलेले होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत, ताई. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीबाबत निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. पण जमाव जमल्यावर अधिकारी पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तुमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालांचे किंवा तिथल्या बायकांचे फोटो ‘सावध राहा’ म्हणून फिरत असतील, तर ते आजच थांबवायला लावा. ग्रुपचा ॲडमिन ओळखीचाच असेल, त्याला फोन करा. लोक जमायला लागले असं कळलं तर ११२ ला फोन लावा आणि स्वतः दोन-तीन जाणत्या माणसांना घेऊन तिथे उभ्या राहा.

राहिला तिसरा प्रश्न, त्यांना एका जागी राहायला कसं समजवायचं. मला हा प्रश्न उलटा वाटतो. स्थिर व्हायची इच्छा असलेली कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत, त्यांना समजवायची गरजच नाही. त्यांना जागा मिळत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या घरांसाठीच आहे, पण घर बांधायला आधी जमीन लागते, आणि गावठाणात जागा द्यायची वेळ आली की गाव तयार नसतं. गायरान ग्रामपंचायत आपल्या ठरावाने वाटू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितल्यावर तर अशा जमिनींबाबत प्रशासन फारच सावध झालंय. त्यामुळे ‘राहा की इथेच’ असं तोंडी सांगून त्यांना आशेला लावू नका.

दुसऱ्या बाजूला, फिरणं हाच ज्यांचा धंदा आहे अशी घरंही आहेत. घिसाड्याला एका गावात वर्षभर पुरेल एवढं काम मिळेल का? विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे तापवून धार लावून, घ्यायची गरज हंगामात पडते आणि मग तो पुढच्या गावी जातो. वैदूंच्या बायका सुया-पोत, डबे, चाळण्या विकतात, त्यांनाही रोज नवं गाव लागतं. काही घरांत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं मूळ गावी थांबतात, कमावते आठ महिने बाहेर असतात. ही त्यांनी स्वतः शोधलेली सोय आहे. मी स्थिर होण्याच्या बाजूचा की फिरण्याच्या, असं लोक मला विचारतात. मी निवडीच्या बाजूचा आहे. ज्याला थांबायचंय त्याला जागा मिळावी आणि ज्याला फिरायचंय त्याला प्रत्येक गावात चोर ठरवलं जाऊ नये. एका जागी राहण्याची अट घालून दिलेली मदत ही मला त्या जुन्या सेटलमेंटच्या फार जवळची वाटते.

मग सदस्य म्हणून तुमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे.

शाळेपासून सुरू करा. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं असतं. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असतं, पण पटावर नाव चढवलं आणि मूल दोन महिन्यांत गेलं तर जबाबदारी कुणाची, ही त्यांची धास्ती असते. ती खरी आहे. त्यासाठीच स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायची सोय आहे. जाताना ते मुलाच्या हातात दिलं की पुढच्या शाळेत त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक गोष्ट मात्र कुठल्या परिपत्रकात नसते. त्या मुलांना वर्गात मागे, वेगळं बसवू नये. चोर म्हणून हिणवलं गेलं की मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि कारण घरी सांगतही नाही.

कागदांमध्ये सगळ्यात अवघड जातीचा दाखला. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा त्या साली तीन जिल्ह्यांतून फिरत होता, तो कुठल्या गावचा पुरावा आणणार? अशा वेळी तलाठी-मंडल अधिकाऱ्यांनी वस्तीवर येऊन केलेली गृहचौकशी आणि आजूबाजूच्या वयस्कर माणसांचे जबाब कामी येतात. तुमच्या गावात ही कुटुंबं वर्षानुवर्षं येतायत ना? मग जुन्या पाटील घराण्यातल्या कुणा आजोबांना विचारा. ‘ह्यांचा आजा आमच्याकडे यायचा, आमची विळी त्यानेच घडवलेली’ असं सांगणारं कुणीतरी हमखास निघतं. तो जबाब तहसीलमध्ये उपयोगी पडतो, आणि ग्रामसभेत तर त्याहून जास्त, कारण अनोळखी म्हणून ज्यांना हाकलायचं चाललंय ते गावाच्या आठवणीतले निघतात.

मतदार यादीसाठी पक्कं घर लागत नाही. बेघर माणसाने अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे तो झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री जाऊन पाहायचं असतं. रेशनकार्ड मूळ गावचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं, अंगठा जुळला पाहिजे. हे दुकानदाराला तुमच्यासमोर विचारा. पाण्याचं तर सांगायलाच नको. हातपंपावर बायकांना अडवलं जातंय का, ते बघा.

पहिल्यांदा जाल तेव्हा एकट्या जाऊ नका आणि फौज घेऊनही जाऊ नका. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सोबत घ्या. दिवसा बायका विकायला बाहेर असतात, म्हणून संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी जा. त्यांच्यात जो जाणता असेल त्याला दादा-मामा म्हणून आधी भेटा, बसायला गोणपाट टाकलं तर बसा, चहा दिला तर घ्या. वही लगेच उघडू नका. आणि पालांत कुणी बाळंतीण असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून तिच्या बाळाची जन्मनोंद तुमच्या ग्रामपंचायतीत करून द्या. जन्म जिथे झाला तिथेच ती करायची असते, २१ दिवसांच्या आत फुकट होते, आणि एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. ग्रामसभेची तारीख पुढची असली तरी हे काम या आठवड्यातच होऊ शकतं.